घरचा नमुना

आत्याचा जन्म चुलीपुढे गेला, पण त्या चुलीवर शिजलेला एक घाससुद्धा कधी कुणा माणसाच्या पोटात गेला नाही. मोठ्या दवाखान्याच्या मागल्या अंगाला संशोधनाची एक दुमजली इमारत होती. तिच्या तळमजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीला सगळे स्वयंपाकघर म्हणत, आणि तिथं आत्या जंतूंसाठी रांधायची.

पाण्यात पावडरी घालायच्या, ढवळायचं, मोठ्या कुकरात ठेवून जिवंत म्हणून काही उरणार नाही इतकं तापवायचं. मग मनगटाला सोसेल इतपत निवू द्यायचं आणि त्यात मेंढीचं रक्त सोडायचं. घाई केली तर रक्त शिजतं, रेंगाळलं तर सगळं भांड्यातच थिजून बसतं. ते लालभडक रसायन चपट्या गोल ताटल्यांत ओतलं की बघता बघता घट्ट व्हायचं. या ताटल्यांना तिथं प्लेटा म्हणत. वरच्या मजल्यावरची माणसं दवाखान्यातून आलेल्या रोग्यांची विष्ठा काडीच्या टोकानं त्या प्लेटांवर सारवायची आणि काय उगवतं याची वाट बघत बसायची.

"खाल्लेल्याचं पुढं काय होतं हे सगळं जग विसरायला बघतं," आत्याचा नवरा म्हणायचा, "आणि आमच्या घरची चूल त्यावरच पेटते." तो घरीच शिवणकाम करायचा. तोंडात टाचण्या धरून बोलायची त्याला सवय होती, त्यामुळे त्याचं बोलणं निम्मं ओठांतून आणि निम्मं नाकातून यायचं.

तिला आत्या हे नाव चिकटलं ते फाटकावरच्या पहारेकऱ्यामुळे. तो तिचा सख्खा भाचा. ती कामावर लागली त्या दिवशी तो फाटकातून ओरडला, "आत्या, डबा विसरलीस!" त्यानंतर डॉक्टरबाईंपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांचीच ती आत्या झाली. भाचा पुढं दुसरीकडे गेला, नाव मात्र मागं राहिलं.

वरच्या मजल्यावर डॉक्टरबाईंचं राज्य. चणीनं बारीक, जिभेनं फटकळ, आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरनं झपाटलेल्या. त्यांचं म्हणणं असं की आतड्यात गाठ धरते ती एकटीच्या बळावर धरत नाही. तिथं जंतूंची जी अफाट वस्ती असते, तिच्यातलेच काही जण तिला हात देत असावेत. ते कोण, हे शोधायचं तर आजारी पोटातली वस्ती आणि निरोगी पोटातली वस्ती शेजारी शेजारी ठेवून बघायला हवी. रोगी बिचारे मागाल ते द्यायचे. पंचाईत होती ती निरोगी माणसांची. धडधाकट माणसाला म्हणावं, सकाळी डबीत थोडं आणून द्या, तर तो असा बघायचा की जसा काही त्याच्या आजीचा दागिनाच मागितलाय.

म्हणून मग घरच्याच माणसांवर भागवायचं ठरलं. त्यांत आत्याचं पोट म्हणजे लावलेलं घड्याळ. औषधाची गोळी माहीत नाही, अंगाला कधी ताप नाही, आणि घर मागच्या गल्लीत. चहाच्या आधी तिची डबी टेबलावर हजर. होता होता बाकीच्यांच्या डब्या बंद झाल्या आणि तिची एकटीची उरली. तिला सगळे 'घरचा नमुना' म्हणू लागले. कुठल्याही रोग्याची प्लेट वाचायची झाली की लांब्या आधी आत्याची प्लेट उजेडात धरायचा. लांब्या म्हणजे डॉक्टरबाईंच्या हाताखाली शिकणारा संशोधक. चौकटीला कपाळ आपटू नये म्हणून तो सदा मान वाकवून चालायचा, त्यामुळे तो सतत कुणाची तरी माफी मागतोय असं वाटायचं.

या मानाचा आत्याला कोण अभिमान! शेजारणी आपापल्या दुखण्याचे पाढे म्हणायला लागल्या की ती पदर सारखा करून सांगायची, "माझं पोट नमुन्याचं आहे बाई. त्यावरून लोकांची पोटं मापतात." प्लेटा ओतून झाल्या की त्यातली सगळ्यांत नितळ, एकही बुडबुडा नसलेली प्लेट ती स्वतःसाठी बाजूला ठेवायची. "माझ्या माहेरच्यांना नीट जेवायला नको?" असं म्हणायची. लांब्या हसायचा आणि तिची प्लेट तिलाच सारवू द्यायचा.

काही जंतूंना हवा म्हणजे विष. त्यांच्यासाठी जाड भिंतींच्या बरण्या होत्या. प्लेटा आत रचायच्या, बरोबर एक पुडी ठेवायची आणि झाकण आवळायचं. पुडी आतली हवा गिळून टाकायची. सगळी गिळली गेली की आतली निळी पट्टी पांढरी पडायची. माशी सोडली तर मरेल, काडी पेटवली तर विझेल, अशा त्या बरणीत काही जीव मात्र सुखानं वाढायचे. आत्याला त्या पांढऱ्या पट्टीची कधी भीती वाटली नव्हती. उलट पट्टी पांढरी झाली की ती म्हणायची, "झोपले गं सगळे."

एका सकाळी लांब्यानं अशी बरणी उघडली आणि दोन पावलं मागं सरला. खवट लोण्यासारखा, पण त्याच्याही खाली काहीतरी सडकं असलेला वास खोलीभर पसरला. त्यानं एकेक प्लेट वर उचलली. रोग्यांच्या प्लेटा नेहमीसारख्याच होत्या. तळाशी आत्याची होती. तिच्यावर पावाचा चुरा भुरभुरावा तसे बारीक खडबडीत ठिपके दाटीवाटीनं उगवले होते. जागाच शिल्लक नव्हती.

"आत्या, काल काय खाल्लंत?" लांब्यानं गमतीनं विचारलं.

"तुझं डोकं," आत्या म्हणाली. पण तीही वाकून बघत होती. एवढी वर्षं ती या जंतूंचं ताट वाढत आली होती. असले पाहुणे तिच्या पानावर कधी बसले नव्हते.

डॉक्टरबाईंनी एक ठिपका काचेवर घेतला, रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. काच सरकवून त्यांनी पुन्हा पाहिलं.

"हा इथं कसा?" शेवटी त्या म्हणाल्या. "हा तर तोंडातला रहिवासी. हिरड्यांच्या फटीत राहतो. आपल्या गाठवाल्या रोग्यांत सापडतो तोच. निरोगी पोटात हा असा गर्दी करून बसत नाही." मग मान वर करून त्यांनी आत्याकडे पाहिलं. "प्लेटा ओतताना तुम्ही बोलता का?"

बोलायची ती. ओतताना गुणगुणायची, प्लेटांशी गप्पा मारायची, रक्त नीट मिसळलं नाही तर त्याला शिव्याही द्यायची. तोंडाला फडकं बांधायचा नियम होता, पण वाफेत गुदमरायला होतं म्हणून ती ते गळ्यात लोंबतं ठेवायची.

"झालं तर मग," डॉक्टरबाई म्हणाल्या. "थुंकी उडाली. स्वतःची प्लेट तुम्ही स्वतःच निवडता, स्वतःच सारवता, वरून तिच्याशी गप्पा मारता. भेसळ, दुसरं काय. उद्यापासून मास्क, आणि तोंड बंद."

दुसऱ्या दिवसापासून आत्या तोंड बांधून काम करू लागली. स्वयंपाकघरात कधी नव्हे ती शांतता झाली, आणि त्या शांततेत आत्याला आपलं पोट ऐकू यायला लागलं. कुकरची शिटी थांबली की ते हळूच गुरगुरायचं. भूक लागल्याची ती गुरगुर नव्हती. ती तिला ओळखीची होती. ही वेगळी, खोलवरची, पलीकडच्या खोलीत कुणीतरी दबक्या आवाजात बोलावं तशी. आत्या हातातलं काम थांबवून कान द्यायची. मग तेही थांबायचं.

बरणी पुन्हा उघडली. पुन्हा तोच वास, आणि पुन्हा तिच्याच प्लेटवर तो चुरा. लांब्यानं शेजारी एक कोरी प्लेट ठेवली होती, काहीही न सारवता. ती तशीच नितळ होती.

"बाई, आत्यांच्या ओतण्यात भेसळ असती तर कोऱ्या प्लेटवर पण..." लांब्या चाचरला.

"कोरीशी त्या बोलल्या नसतील," डॉक्टरबाई तोडून म्हणाल्या. नमुना बिघडला तर त्यावर मापलेलं सगळंच बिघडतं, ही धास्ती त्यांच्या आवाजात होती आणि त्या ती रागानं बाहेर काढत होत्या. "हे बघा आत्या, आणखी एकदा असं झालं तर मला प्लेटा बाहेरून तयार मागवाव्या लागतील. मग हे स्वयंपाकघर बंद."

आत्या घरी आली ती तोंड पाडूनच. नवरा मशीनवर कुणाच्या तरी पँटची उंची कमी करत होता.

"काय गं, कुणी मेलं का?"

"माझं पोट बिघडलंय म्हणतात."

"दुखतंय?"

"दुखत नाही की काही नाही. जिना चढताना धाप लागते तेवढी. ते काय, वय झालं." ती त्याच्यापुढे बसली. जरा वेळानं खाली बघत म्हणाली, "अहो, उद्या सकाळी... तुमची द्या ना एक डबी."

"माझी कसली डबी?"

तिनं न बोलता त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या ओठांतून टाचणी गळून पडली.

"अगं ए! माझी? तिथं?"

"कुणाला कळत नाही. डबीवर नाव घालायचं काम माझंच असतं."

"नावाचं नाही गं." तो खुर्चीत सावरून बसला. "एवढी वर्षं तू आपली ऐटीत डबी घेऊन जातेस आणि मला एका शब्दानं विचारलं नाहीस. मी काय कमी खानदानी आहे?"

तेवढ्याही मनःस्थितीत आत्याला हसू आलं. हसताना पोटात कळ आली, म्हणून ती थांबली.

नवऱ्याच्या डबीवर आत्याचं नाव लागलं. बरणी बंद झाली, पट्टी पांढरी पडली, आणि ठरल्या दिवशी लांब्यानं झाकण उघडलं तेव्हा आत्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती. वास आला नाही. म्हणजे आला, पण रोजचा, ओळखीचा. प्लेट स्वच्छ होती. जे उगवायला हवं तेच उगवलं होतं.

"मास्कचा गुण!" लांब्यानं प्लेट उंच धरली. डॉक्टरबाई खाली उतरून आल्या, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी आत्याच्या खांद्यावर हात ठेवला. लांब्यानं सगळ्यांना चहा पाजला. आत्यानं कप हातात घेतला खरा, पण ओठाला लावायची हिंमत होईना.

कारण एकट्या तिलाच कळलं होतं की काहीच मिटलेलं नाही. तेच स्वयंपाकघर, तेच रक्त, तेच हात, तोच मास्क. फक्त पोट बदललं आणि तो जंतू गेला. म्हणजे तो हवेत नव्हता की तिच्या थुंकीतून उडाला नव्हता. तो मुक्कामाला होता. लग्नापासून ती आणि नवरा एका भांड्यातलं खात होते, एका छपराखाली श्वास घेत होते. त्याच्या पोटात हा नाही. हिच्या पोटात मात्र पानावर जागा उरू नये एवढा.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर ती वर गेली. सूक्ष्मदर्शकाखाली लांब्यानं विसरलेली काच तशीच होती. तिनं डोळा लावला. तिला वाटलं होतं, काहीतरी अक्राळविक्राळ दिसेल. दिसल्या त्या सुया. गुलाबी रंगानं माखलेल्या, लांबट, मधे जराशा फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळत्या होत गेलेल्या, सूत कातायच्या चातीसारख्या. कुणी एका बाजूला तोंड करून, कुणी दुसऱ्या. ते मेलेले होते; काच भाजून, रंगवून, धुऊन ठेवलेली होती. तरीही आत्याला असं वाटलं की आपण दार न वाजवता कुणाच्या घरात शिरलो आणि आतली सगळी माणसं बोलायची थांबली.

तिनं डोळा काढला, तेव्हा पोट हलकेच गुरगुरलं.

त्या दिवसापासून तिचं जेवण उडालं. याला उपाशी ठेवू, म्हणजे मरेल, असं तिच्या मनानं घेतलं. जंतूंना काय घातलं की ते फोफावतात आणि काय तोडलं की मान टाकतात, हे तिच्या हाडीमासी भिनलेलं होतं. पण भूक तर लागायचीच, भलत्या वेळी आणि भलत्या जोरानं. ताटापुढे बसलं की पहिला घास उचलताना तिच्या मनात यायचं, ही भूक माझी की त्याची? मग घास परत ताटात.

"हे काय चालवलंयस?" नवरा म्हणाला. "नमुन्याच्या बाईनं असं खायचं? गालफडं बघ, माझ्या कात्रीसारखी झालीत."

"भूक नाही."

"मघाशी पोट वाजत होतं तुझं. मला मशीनच्या आवाजात ऐकू आलं."

आत्यानं पदर पोटावर घट्ट दाबला. म्हणजे ते फक्त तिलाच ऐकू येत होतं असं नव्हतं.

पुढच्या सोमवारी डॉक्टरबाईंनी निरोप धाडला, भेसळीच्या त्या दोन्ही प्लेटा कुकरात घालून संपवा. आत्यानं त्या ट्रेमधे घेतल्या. असल्या प्लेटा ती रोज ढिगानं मारायची. झाकण लावायचं, खटका दाबायचा, काटा चढताना बघायचा. आतलं लाल सगळं काळपट तपकिरी होऊन बाहेर यायचं. पण त्या दिवशी ती ट्रे घेऊन कुकरापुढे नुसतीच उभी राहिली. प्लेटवरचे ठिपके झाकणाखाली ओलसर चमकत होते. इथं मारून काय व्हायचं? हे तर ताटात सांडलेले चार. घरचे सगळे घरीच आहेत.

तिनं ट्रे तसाच उचलला आणि जिना चढायला लागली. मधल्या वळणावर तिला बसावं लागलं. पायांतलं त्राण कुणीतरी शोषून घ्यावं तशी गत होती. लांब्या वरून उतरत होता. मान वाकवलेली असल्यामुळे त्याला ती लगेच दिसली.

"आत्या! अहो, पांढऱ्याफटक पडल्यात तुम्ही."

"मला वर ने," ती म्हणाली. "आणि हे सांडू देऊ नकोस."

डॉक्टरबाईंच्या टेबलावर तिनं ट्रे ठेवला आणि एका दमात सांगून टाकलं. "बाई, मागची स्वच्छ डबी माझी नव्हती. माझ्या नवऱ्याची होती. हे माझं आहे."

डॉक्टरबाई आधी चिडल्या. "तुम्हाला काय वेडबिड लागलंय का? मी त्या प्लेटवर आठवडाभराचं काम..." आणि मग वाक्य अर्ध्यावरच तुटलं. त्या आत्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाली म्हणून नव्हती. त्या खुर्चीत बसल्या.

"धाप कधीपासून लागते?"

"झाले की चार-पाच महिने."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"तुम्ही कुठं विचारलंत? तुम्हाला डबी हवी होती, ती मी देत होते."

लांब्यानं खिडकीकडे तोंड फिरवलं. डॉक्टरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दिसत होतं की," त्या पुटपुटल्या. "कोरी प्लेट स्वच्छ होती. हा पोरगा सांगत होता. पण आत्याचं पोट म्हणजे नमुना, त्यात खोट निघेल कशी! रोगी असता तर एका मिनिटात तपासणीला पाठवला असता. तुम्हाला मात्र मी तोंड बांधायला लावत बसले."

"बाई, खरं सांगा. हा आहे म्हणजे गाठ आहे?"

"नाही. तसं नाही म्हणता येत. हा खूप जणांच्या तोंडात असतो, थोडा पोटातही असतो, आणि त्यांना काही होत नाही. पण गाठ असलेल्यांत हा जास्त सापडतो. त्या बिघडलेल्या पेशींच्या अंगावर एक साखर असते, तिला धरून चिकटून बसतो. बसला की तिथली राखण करणाऱ्या पेशींना झोपवतो, गाठीला वाढायला मोकळं रान मिळतं. पण आधी कोण आलं, हा की गाठ? यानं घर बांधलं, की बांधलेल्या घरात हा शिरला? तेच कळायला तर जन्म घालवतेय मी."

"आणि गाठ दुसरीकडे गेली तर?"

खोटं बोलायचं डॉक्टरबाईंच्या जिभेला वळण नव्हतं. "काही रोग्यांत गाठीचा तुकडा यकृतात गेला, तिथंही हा सापडलाय. तिच्याबरोबर गेलेला."

"बिऱ्हाडासकट," आत्या म्हणाली.

"म्हणून उशीर करायचा नाही. आतून बघायचं."

आतून बघायचं म्हणजे आदल्या दिवशी औषधाचं बेचव पाणी पिऊन पिऊन पोट निथळून काढायचं. पोट धुवून निघालं तशी ती गुरगुर थांबली, आणि आत्याला तिच्या गप्प बसण्याचीच जास्त धास्ती वाटली. तपासणीच्या टेबलावर तिला कुशीवर निजवलं. गुंगीचं औषध दिलं होतं, पण झोप पुरती लागली नव्हती. समोर पडदा होता. त्यावर एक गुलाबी, ओलं, वळणावळणाचं भुयार पुढं पुढं सरकत होतं.

"हे मी?" तिनं जड जिभेनं विचारलं.

"तुम्हीच," नळी धरलेला डॉक्टर म्हणाला. "छान स्वच्छ आहे."

खरंच स्वच्छ होतं. आत्याला बरं वाटलं. बारीक लाल शिरा, ओलसर भिंती. आपल्याच आत एवढी मोठी वाट आहे आणि आपण तिथं कधी गेलो नाही, याचं तिला नवल वाटलं. एक वळण गेलं, दुसरं गेलं. उजव्या अंगाच्या टोकाला, जिथं वाट संपत आली होती, तिथं डॉक्टरचा हात थांबला. भिंतीवर काहीतरी बसलेलं होतं. खडबडीत, काळपट लाल, कडा उचललेलं. त्याच्या अंगातून रक्त झिरपत होतं, थेंब थेंब, सावकाश, कुणाला कळू नये असं. आत्याची सगळी ताकद कुठं जात होती ते तिला दिसलं.

डॉक्टर आता छान म्हणाला नाही. पडद्यावरचं ते मात्र तिच्या प्रत्येक श्वासाबरोबर किंचित हलत होतं.

गाठ कॅन्सरचीच निघाली, पण अजून भिंतीतच होती, बाहेर पडली नव्हती. आतड्याचा तेवढा भाग कापून काढला. आसपासच्या लसिका ग्रंथींत काही सापडलं नाही, कापल्या कडाही स्वच्छ आल्या. सर्जन म्हणाला, आणखी वर्षभर थांबला असतात तर मी असा हसत बोलत नसतो. बाहेर बाकावर नवरा हातातल्या टोपीची शिवण उसवत बसला होता. त्याला हे सांगितलं तेव्हा तो नुसता "बरं, बरं" म्हणत राहिला.

टाके ओले होते तोवरच लांब्या घरी भेटायला आला. आत्या खाटेवर उशांना टेकून बसली होती, नवरा खिडकीशी मशीन चालवत होता. लांब्यानं आधी इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या. डॉक्टरबाई आता कुणालाच नमुना म्हणत नाहीत, म्हणाला. इमारतीतल्या सगळ्यांचंच पोट आधी तपासायला लावलंय, आणि फाटकावरचा नवा पहारेकरी भीतीनं रजेवर गेलाय. आत्या हसली नाही.

"त्या गाठीतला तुकडा तुमच्याकडे आला ना?" तिनं विचारलं.

"आला."

"उगवला?"

"उगवला." लांब्यानं खाली पाहिलं. "गच्च."

"आणि शेजारच्या चांगल्या भागात?"

"थोडासा."

मशीन थांबलं.

"म्हणजे आहे अजून," आत्या म्हणाली.

"आत्या, तो थोडा असतोच. माझ्या तोंडात पण असेल. गाठ गेली, ती महत्त्वाची. दर वर्षी आतून बघतील, काही दिसलं तर लगेच काढतील."

"मरू दे मेला," नवरा तिकडून म्हणाला. "तुमच्याकडचा तरी मारून टाका सगळा."

"नाही मारता येत, काका. बाईंना तो जिवंत हवाय. याच्यावर कुठलं औषध चालतं ते बघायचंय. उद्या दुसऱ्या कुणाला उपयोग होईल." लांब्या मान चोळत म्हणाला, "पण एक अडचण आहे. आत्या नाहीत म्हणून प्लेटा विकत आणल्या. त्यांच्यावर तो नीट धरतच नाहीये. रोज कमी कमी होतोय. असाच राहिला तर या आठवड्यात जाईल."

आत्या भिंतीकडे बघत होती. तिचा हात पांघरुणाखाली टाक्यांवर गेला आणि तिथंच राहिला.

"विकतच्या प्लेटा किती दिवसांच्या असतात?" तिनं विचारलं.

"असतील आठ-दहा दिवसांच्या."

"मग कशाला धरतोय. शिळं नाही चालत त्याला. शिळ्या प्लेटेत हवा मुरते, ती बाधते. ओतल्या दिवशीच वाढायचं. नाहीतर आदल्या रात्री प्लेटा बरणीत घालून ठेव, पट्टी पांढरी होऊ दे, मग सारव. आणि रक्त ताजं आण रे, मेंढीचंच. कंजूषपणा करू नकोस, हात सैल सोड."

बोलता बोलता तिचा आवाज मऊ झाला होता, तापातून उठणाऱ्या लेकराच्या पथ्याबद्दल सांगावं तसा. नवरा मशीनवरून तिच्याकडे टक लावून बघत होता. तिच्याही ते ध्यानात आलं. ती बोलायची थांबली, तोंड मिटलं, आणि पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं.

"उपाशी आहे म्हणून म्हटलं," ती हळूच म्हणाली.